बेव्हर्ली हिल्स म्हणजे लॉस एंजेलिस नाही का? श्रीमंत उपनगरं ‘वेगळं गाव’ कशी ठरतात

लॉस एंजेलिस शहराच्या हद्दीचा नकाशा पाहिला, तर पश्चिमेकडे त्यात एक मोठं भोक दिसतं. त्या भोकात दोन शहरं आहेत: बेव्हर्ली हिल्स आणि त्याला खेटून असलेलं वेस्ट हॉलिवूड. बेव्हर्ली हिल्सचं क्षेत्रफळ जेमतेम १५ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या ३२-३३ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण त्याला स्वतःचा महापौर आहे, स्वतःचे पोलीस, स्वतःची अग्निशमन सेवा, स्वतःच्या शाळा आणि स्वतःचा पाणीपुरवठा विभाग आहे. रस्त्याने जाताना मात्र एक शहर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही.

मग हे खरोखर वेगळं गाव म्हणायचं, की मोठ्या शहरातली एक महागडी वस्ती, जिने स्वतःभोवती रेघ मारून घेतली आहे?

अमेरिकेत हा प्रश्न नुसत्या गप्पांचा नाही. ती रेघ कुठे आहे यावर मुलांच्या शाळेत किती पैसा येणार, घरं कुठे बांधता येणार आणि कर कोणाच्या तिजोरीत जाणार हे ठरतं. या रेघांवरून तिथे दीडशे वर्षं मतदान, कोर्टकचेऱ्या आणि भांडणं चालू आहेत. अगदी २०२४ पर्यंत.

आधी एक घोळ: पत्ता, जनगणना आणि कायदा

अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याने किंवा मैत्रिणीने दिलेल्या पत्त्यात जे गाव लिहिलेलं असतं, ते कायद्याने त्यांचं गाव असेलच असं नाही. तिथली टपाल खात्याची हद्द आणि नगरपालिकेची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

९०२१० हा टीव्ही मालिकेमुळे जगभर माहीत झालेला पिनकोड याचं उत्तम उदाहरण. या पिनकोडमधल्या डोंगराळ भागातली बरीच घरं बेव्हर्ली हिल्सच्या हद्दीबाहेर आहेत. त्यांच्या पत्त्यात ‘बेव्हर्ली हिल्स’ लिहितात, पण ती लॉस एंजेलिस शहरात मोडतात. तिथले लोक लॉस एंजेलिसच्या महापौरासाठी मत देतात आणि फोन केला तर लॉस एंजेलिसचे पोलीस येतात. घर विकताना मात्र जाहिरातीत कोणतं नाव टाकायचं हे सांगायला नको.

शेजारचं बेल-एअर तर श्रीमंतीत कुठेही कमी नाही, पण ते वेगळं शहर नाहीच. ती लॉस एंजेलिसमधली एक वस्ती आहे, जसं मुंबईत मलबार हिल.

वॉशिंग्टनला लागून असलेल्या मेरीलँडमधल्या बेथेस्डाची गंमत आणखी वेगळी. तिथे ६० हजारांहून जास्त लोक राहतात, उंच इमारती आहेत, देशातल्या नामांकित आरोग्य संशोधन संस्था आहेत आणि अतिशय श्रीमंत कुटुंबं आहेत. पण बेथेस्डाला महापौर नाही, नगरपालिका नाही. सगळा कारभार काउंटी पाहते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, फक्त निवडून आलेल्या लोकांनी चालवलेला. जनगणनेसाठी तेवढी बेथेस्डाभोवती एक रेघ ओढून लोकसंख्या मोजली जाते, बस.

कायद्याच्या भाषेत फरक एका शब्दाचा आहे: इनकॉर्पोरेशन. एखाद्या भागातल्या लोकांनी राज्याच्या कायद्याप्रमाणे मागणी केली, अटी पूर्ण केल्या आणि बहुतेक ठिकाणी मतदानात कौल मिळवला, की तो भाग स्वतंत्र नगरपालिका म्हणून नोंदला जातो. मग तो सिटी असो, टाउन असो, बरो असो की व्हिलेज. या नावांचा आकाराशी फारसा संबंध नसतो. बॉस्टनशेजारच्या ब्रुकलाइनमध्ये ६३ हजार लोक राहतात, तरी ते आजही अधिकृतपणे ‘टाउन’ आहे, कारण तिथे महापौर नाही. सुमारे अडीचशे निवडून आलेल्या सदस्यांची सभा भरते आणि ती गावाचं अंदाजपत्रक मंजूर करते. डॅलसच्या पोटात असलेलं हायलंड पार्कही ‘टाउन’ आणि त्याला चिकटलेलं युनिव्हर्सिटी पार्क ‘सिटी’. फिरणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात.

तेव्हा नुसतं ‘कायद्याने वेगळं गाव आहे का?’ असं विचारलं, तर उत्तर एका ओळीत देता येतं: इनकॉर्पोरेट झालं असेल तर हो, नसेल तर नाही. पण खरी गोष्ट तिथे सुरू होते. हे लोक वेगळे का झाले, आणि त्यांना वेगळं होऊ कोणी दिलं?

ब्रुकलाइनने १८७३ मध्ये ‘नाही’ का म्हटलं?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकी शहरं आपल्या हद्दवाढीसारखीच वाढत होती. शहर पसरलं की शेजारची गावं पोटात घ्यायची. गावांनाही ते हवं असायचं, कारण मोठ्या शहराकडे पाणी, गटारं, गॅसचे दिवे आणि शाळा होत्या. बॉस्टनने १८६८ मध्ये रॉक्सबरी घेतलं, १८७० मध्ये डॉर्चेस्टर घेतलं. १८७३ मध्ये आणखी काही गावांत मतदान झालं. चार्ल्सटाउन, ब्रायटन आणि वेस्ट रॉक्सबरीने होकार दिला.

ब्रुकलाइनने नकार दिला. ७०७ विरुद्ध २९९ मतांनी.

ब्रुकलाइन तेव्हाच बॉस्टनच्या धनाढ्य व्यापाऱ्यांचं राहण्याचं ठिकाण झालं होतं. बंगले, बागा, आणि त्यांच्याकडे कामाला असलेले आयरिश मजूर. शहराचे कर आणि शहराचं राजकारण आपल्या दारात नको, ही भावना तिथे होती. आपली जुनी ग्रामसभा टिकावी ही इच्छाही होती आणि ती खोटी म्हणता येणार नाही, कारण ब्रुकलाइन १७०५ पासून स्वतंत्र गाव होतं. त्या अर्थी ‘शहरातून फुटलेली वस्ती’ हा शिक्का त्याला पूर्णपणे बसत नाही. शहरच वाढत वाढत त्याच्याभोवती येऊन पोचलं.

उपनगरांचा इतिहास लिहिणारे केनेथ जॅक्सन यांनी ब्रुकलाइनच्या या नकाराला मोठं महत्त्व दिलं आहे. त्याआधी हद्दवाढ थांबवता येते असं कोणाला फारसं वाटत नव्हतं. त्यानंतर इतर श्रीमंत उपनगरांना एक वाट दिसली.

बॉस्टन आज ब्रुकलाइनला तीन बाजूंनी वेढतं. दोघांच्या काउंट्याही वेगळ्या आहेत.

मतं कोणाची मोजायची?

ब्रुकलाइन वाचलं, कारण तिथली मतं वेगळी मोजली गेली. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण सगळ्या प्रकरणाची चावी इथेच आहे.

पिट्सबर्गच्या नदीपलीकडे अॅलेगेनी नावाचं एक मोठं स्वतंत्र शहर होतं. १९०६ मध्ये विलीनीकरणावर मतदान झालं, तेव्हा पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कायद्याने दोन्ही शहरांची मतं एकत्र मोजली. अॅलेगेनीतल्या बहुसंख्य मतदारांचा विरोध होता, पण पिट्सबर्गच्या मतांपुढे तो बुडाला. लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नगरपालिका ही राज्याने निर्माण केलेली गोष्ट आहे. राज्य तिच्या हद्दी वाढवू शकतं, कमी करू शकतं, तिला मिटवूही शकतं. रहिवाशांची संमती घेण्याचं बंधन संविधान घालत नाही.

अॅलेगेनी आज पिट्सबर्गचा उत्तर भाग म्हणून ओळखलं जातं. गाव म्हणून ते संपलं.

म्हणजे कोणतंही उपनगर ‘निसर्गतः’ वेगळं नसतं. ते वेगळं राहतं, कारण राज्याचा कायदा त्याला नकाराधिकार देतो. विसाव्या शतकात बहुतेक राज्यांनी हा नकाराधिकार देत हद्दवाढ अवघड आणि इनकॉर्पोरेशन सोपं केलं. विधिमंडळात उपनगरांचे आमदार वाढले, हे त्याचं एक साधं कारण.

सिनेतारे, पाणी आणि बेव्हर्ली हिल्स

लॉस एंजेलिसची कहाणी पाण्याची आहे. १९१३ च्या नोव्हेंबरमध्ये ओवेन्स खोऱ्यातून पावणेचारशे किलोमीटर लांबीच्या कालव्याने पाणी शहरात आलं. शहराचं धोरण होतं: पाणी हवं असेल तर आमच्यात या. सॅन फर्नांडो खोऱ्याचा प्रचंड भाग १९१५ मध्ये शहरात आला, तो यामुळेच. हॉलिवूड हे १९०३ पासून स्वतंत्र शहर होतं, तेही १९१० मध्येच पाण्यासाठी विलीन झालं होतं. जगाला हॉलिवूड हे शहर वाटतं, पण गेली शंभरहून जास्त वर्षं ती फक्त एक वस्ती आहे.

बेव्हर्ली हिल्स १९१४ मध्ये इनकॉर्पोरेट झालं. दहाएक वर्षांत तिथेही पाण्याचा प्रश्न आला आणि विलीन व्हावं अशी मागणी पुढे आली. १९२३ मध्ये मतदान झालं. तेव्हा तिथे राहणारे मूकपटांचे तारे विरोधात उतरले: मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स, रुडॉल्फ व्हॅलेंटिनो, हॅरॉल्ड लॉइड. जगातले सर्वांत प्रसिद्ध चेहरे नगरपालिकेच्या हद्दीसाठी प्रचार करत होते. विलीनीकरण पडलं. या ताऱ्यांचं एक स्मारक आजही बेव्हर्ली हिल्समध्ये आहे. नगरपालिकेच्या मतदानासाठी नटनट्यांचं स्मारक उभारलेलं दुसरं गाव माझ्या तरी माहितीत नाही.

पण सगळीच श्रीमंत गावं अशी ऐटीत बाहेर राहिलेली नाहीत. डॅलसमधलं युनिव्हर्सिटी पार्क उलट वाटेने गेलं. एका विद्यापीठाभोवती वाढलेल्या या वस्तीने आधी शेजारच्या हायलंड पार्कला विचारलं, मग डॅलसला विचारलं. पाणी, गटारं, रस्ते यांचा खर्च नको म्हणून दोघांनीही हात झटकले. शेवटी नाइलाजाने १९२४ मध्ये ते स्वतःच शहर झालं. पुढे घरांच्या किमती वाढल्या आणि डॅलसला ते हवंहवंसं झालं, तेव्हा १९४५ मध्ये लोकांनी मतदान करून नकार कळवला. डॅलसच्या जागी आपण असतो तर चुटपुट लागली असती.

रेघेच्या आत काय मिळतं?

पोलीस लवकर येतात, रस्ते झाडलेले असतात, झाडं छाटलेली असतात. हे झालं दिसणारं. त्याहून मोठे दोन अधिकार आहेत.

पहिला झोनिंगचा, म्हणजे कुठे काय बांधायचं हे ठरवण्याचा. क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड या उपनगराच्या खटल्यात १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकांचा हा अधिकार मान्य केला. त्यानंतर ‘या गावात फक्त स्वतंत्र बंगले’, ‘एका घराला किमान इतकी जागा’ असे नियम करता आले. नियमात कोणाच्या जातीचा, वर्णाचा, उत्पन्नाचा उल्लेख नसतो. पण अर्धा एकराखाली प्लॉट मिळणारच नसेल, तर भाड्याने राहणारा, बसने कामावर जाणारा माणूस त्या गावात येऊच शकत नाही. त्याने तिथे येऊन काम करायला मात्र हरकत नसते. बाग सांभाळणारा, लहान मुलं सांभाळणारी बाई, हॉटेलातला वाढपी हे सगळे सकाळी रेघ ओलांडून आत येतात आणि संध्याकाळी बाहेर जातात.

दुसरा अधिकार मालमत्ता कराचा. आणि इथे शाळांचा प्रश्न येतो.

सॅन अँटोनियोतला खटला

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहराच्या मधोमध अलामो हाइट्स नावाचं छोटं शहर आहे. १९२२ मध्ये इनकॉर्पोरेट झालेलं, लोकसंख्या सात-साडेसात हजार. चारी बाजूंनी सॅन अँटोनियोने आणि इतर छोट्या शहरांनी वेढलेलं. त्याच सॅन अँटोनियोच्या पश्चिमेला एजवूड नावाचा भाग आहे, जिथे प्रामुख्याने मेक्सिकन वंशाची कष्टकरी कुटुंबं राहतात.

टेक्सासमध्ये शाळा नगरपालिका चालवत नाही. त्यासाठी वेगळे शाळा-जिल्हे असतात, त्यांना स्वतःचा कर बसवता येतो. अलामो हाइट्सचा शाळा-जिल्हा त्या गावाच्या हद्दीपेक्षा थोडा मोठा आहे, त्यात शेजारची आणखी काही श्रीमंत छोटी शहरं येतात. पण पैसा त्या रेघेच्या आतच फिरतो.

१९६८ मध्ये एजवूडच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या वाईट अवस्थेविरुद्ध वर्गाबाहेर पडून निदर्शनं केली. त्यानंतर डिमेट्रियो रॉड्रिगेझ या पालकाने आणि इतर काहींनी खटला भरला. रॉड्रिगेझ विमानतळावरच्या लष्करी कारखान्यात पत्र्याचं काम करायचे.

न्यायालयासमोर आलेले आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. १९६७-६८ मध्ये एजवूडचे लोक शंभर डॉलर किमतीच्या मालमत्तेमागे १.०५ डॉलर कर देत होते. अलामो हाइट्सचे लोक ०.८५ डॉलर. म्हणजे गरीब लोक जास्त दराने कर देत होते. पण एजवूडमध्ये एका विद्यार्थ्यामागे ५,९६० डॉलरची करपात्र मालमत्ता होती आणि अलामो हाइट्समध्ये ४९ हजारांहून जास्त. त्यामुळे राज्याच्या योजनेतला आपला वाटा भरल्यावर एजवूडच्या हातात विद्यार्थ्यामागे २६ डॉलर उरायचे, अलामो हाइट्सच्या हातात ३३३. राज्य आणि केंद्राची मदत धरून एकूण खर्च एजवूडमध्ये ३५६ डॉलर, अलामो हाइट्समध्ये ५९४.

एकाच शहराच्या परिसरातली ही मुलं.

खालच्या न्यायालयात रॉड्रिगेझ जिंकले. सर्वोच्च न्यायालयात मार्च १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी हरले. बहुमताचं म्हणणं असं की शिक्षण हा संविधानाने दिलेला मूलभूत अधिकार नाही आणि आपल्या शाळांचा कारभार स्थानिक लोकांनी चालवावा, हा राज्याचा हेतू या पद्धतीमागे आहे, तो वाजवी आहे. थर्गुड मार्शल यांनी कडक शब्दांत विरोधी मत नोंदवलं.

पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, डेट्रॉइटचा खटला आला. डेट्रॉइटच्या शाळांत काळी आणि गोरी मुलं वेगळी पडली होती. खालच्या न्यायालयाने ठरवलं की आजूबाजूच्या उपनगरांतले ५३ शाळा-जिल्हे धरून मुलांची एकत्र व्यवस्था करावी. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ५ विरुद्ध ४ मतांनी ते रोखलं. उपनगरांच्या जिल्ह्यांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, मग त्यांची हद्द ओलांडता येणार नाही, असा निकालाचा अर्थ.

या दोन निकालांनी रेघेला जे वजन दिलं, ते ब्रुकलाइनच्या मतदारांनी १८७३ मध्ये स्वप्नातही पाहिलं नसेल. त्याआधी वेगळं गाव म्हणजे वेगळा कारभार. त्यानंतर वेगळं गाव म्हणजे शेजाऱ्याच्या जबाबदारीतून कायदेशीर सुटका. माझ्या मते ‘ही खरी गावं आहेत का’ हा प्रश्न अमेरिकी लोकांना इतका टोचतो, तो इथून पुढे.

टेक्सासमध्ये गोष्ट इथे संपली नाही. एजवूडने राज्याच्या न्यायालयात दुसरा खटला भरला आणि १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती पद्धत राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवली. १९९३ मध्ये कायदा झाला: श्रीमंत शाळा-जिल्ह्यांनी कराचा काही भाग राज्याच्या वाटपासाठी द्यायचा. लोक त्याला ‘रॉबिन हूड कायदा’ म्हणतात. अलामो हाइट्स आणि हायलंड पार्क दोन्ही ते पैसे भरत आले आहेत, कुरकुर करत. रेघ राहिली, पण तिला एक भोक पडलं.

पण वेगळं होणं नेहमी श्रीमंतांचंच असतं का?

नाही. आणि हे सांगितलं नाही तर चित्र एकांगी होईल.

वेस्ट हॉलिवूड १९८४ पर्यंत शहर नव्हतं, काउंटीचा भाग होता. तिथे बहुतेक लोक भाड्याने राहायचे. त्यात वृद्ध होते, समलिंगी होते. काउंटीचं भाडेनियंत्रण संपत आलं होतं. या लोकांनी स्वतःचं शहर स्थापन केलं, मुख्यतः भाडी आटोक्यात ठेवण्यासाठी. कॅलिफोर्नियातच पालो अल्टो या संपन्न शहराशेजारी ईस्ट पालो अल्टो १९८३ मध्ये इनकॉर्पोरेट झालं. तिथे तेव्हा कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती. आपले निर्णय दूरच्या काउंटी कार्यालयात नकोत, आपण घेऊ, ही त्यांची मागणी होती.

बेव्हर्ली हिल्सचा रहिवासी अगदी हेच वाक्य बोलतो. फरक वाक्यात नाही, वेगळं होताना मागे काय उरतं त्यात आहे. ईस्ट पालो अल्टो वेगळं झाल्याने काउंटीची तिजोरी रिकामी झाली नाही.

अटलांटा आणि बॅटन रूज: ताजी भांडणं

जॉर्जिया राज्यात अटलांटाच्या उत्तरेला सँडी स्प्रिंग्ज नावाचा संपन्न भाग आहे. १९६० च्या दशकात अटलांटाने तो घ्यायचा प्रयत्न केला, लोकांनी नकार दिला. मग आपलं शहर व्हावं म्हणून अनेक वर्षं प्रयत्न झाले, पण राज्याच्या विधिमंडळातून परवानगी मिळेना. सत्तांतर झालं आणि २००५ मध्ये मतदान झालं: ९४ टक्के लोक बाजूने.

या शहराने पोलीस आणि अग्निशमन सोडून जवळजवळ सगळं काम एका खासगी कंपनीला दिलं. बांधकाम परवाने, रस्ते, बागा, हिशेब सगळं. जगभरातून लोक हा प्रयोग पाहायला यायचे. २०१९ मध्ये शहराने त्यातली बहुतेक कामं स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडे परत घेतली, कारण तसं करणं स्वस्त पडत होतं. त्याची चर्चा मात्र तेवढी झाली नाही.

सँडी स्प्रिंग्जमागून आसपासच्या भागांत रांगच लागली: जॉन्स क्रीक, मिल्टन, डनवूडी, ब्रुकहेवन. आणि मग बकहेड.

बकहेडचं प्रकरण वेगळं, कारण तो भाग आधीच अटलांटाच्या आत आहे. १९५२ मध्ये तो शहरात घेतला गेला. तेव्हाचे महापौर विल्यम हार्ट्सफील्ड यांच्या मनात कृष्णवर्णीय मतदारांची वाढती संख्या होती आणि श्रीमंत गोऱ्या मतदारांना आत आणून तोल राखायचा होता, हे लपलेलं नाही. २०२१ च्या सुमारास, गुन्हे वाढल्याच्या तक्रारीतून, बकहेड वेगळं शहर करा अशी चळवळ उभी राहिली. बकहेडमध्ये अटलांटाची साधारण एक पंचमांश लोकसंख्या राहते, पण शहराच्या मालमत्ता कराचा सुमारे ४० टक्के भाग तिथून येतो. ते निघून गेलं असतं तर शहराने आधीच काढलेल्या कर्जरोख्यांचं काय, आणि अटलांटाच्या शाळांत जाणाऱ्या तिथल्या मुलांचं काय, याची समाधानकारक उत्तरं कोणाकडे नव्हती. मार्च २०२३ मध्ये जॉर्जियाच्या सिनेटने ३३ विरुद्ध २३ मतांनी विधेयक फेटाळलं. सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाच्याही काही सिनेटरांनी विरोधात मत दिलं.

लुइझियानात उलट घडलं. बॅटन रूजच्या आग्नेयेला असलेल्या संपन्न, बहुसंख्य गोऱ्या वस्तीच्या भागात आधी वेगळ्या शाळा-जिल्ह्याची मागणी होती. ती जमेना, तेव्हा सरळ वेगळं शहर करायचं ठरलं: सेंट जॉर्ज. २०१९ मध्ये ५४ टक्के मतांनी ते मंजूर झालं. मतदान फक्त वेगळं होऊ पाहणाऱ्या भागात झालं, उरलेल्या बॅटन रूजला मत नव्हतं. हा भाग बॅटन रूज शहराच्या हद्दीत नव्हता, पण शहर आणि काउंटीचा कारभार तिथे एकत्र चालतो, त्यामुळे विक्रीकराचं उत्पन्न जाणार म्हणून कोर्टबाजी झाली. एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सेंट जॉर्जच्या बाजूने निकाल दिला. सुमारे ८६ हजार लोकांचं नवं शहर अस्तित्वात आलं. वेगळे शाळा-जिल्हे मात्र त्यासोबत आपोआप मिळाले नाहीत, त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते. ज्यासाठी सगळा खटाटोप सुरू झाला, तेच मागे राहिलं.

पिट्सबर्गमध्ये मतं एकत्र मोजली आणि गाव गेलं. सेंट जॉर्जमध्ये फक्त जाणाऱ्यांची मोजली आणि गाव झालं.

उलटा प्रवास कोणी करतं का?

क्वचित. न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनमध्ये, जिथे प्रसिद्ध विद्यापीठ आहे, शंभरहून जास्त वर्षं दोन नगरपालिका होत्या: मधोमध प्रिन्स्टन बरो आणि तिच्याभोवती प्रिन्स्टन टाउनशिप. दोन पोलीस दलं, दोन कार्यालयं. १ जानेवारी २०१३ पासून दोन्ही एक झाल्या. पण दोन्हीकडे पैसा होता आणि शाळा आधीच एक होत्या. श्रीमंत उपनगर स्वतःहून गरीब शहरात गेलं, असं उदाहरण सापडणं अवघड.

आपल्याकडे असं होऊ शकतं का?

आपल्याकडे ‘सिटी’ हा शब्द बिल्डर देतो, कायदा नाही. पुण्यात मगरपट्टा सिटी आहे, पण ती पुणे महापालिकेच्या हद्दीतली एक वसाहत आहे. लवासाला स्वतःचं नियोजन प्राधिकरण मिळालं होतं, ते २०१७ मध्ये काढून घेतलं गेलं. नगरपालिका मात्र ते कधीच झालं नाही. पलावा सिटीचंही नाव तेवढं सिटी.

घटनेच्या कलम २४३-क्यू प्रमाणे नगरपंचायत, नगरपरिषद की महापालिका हे राज्य सरकार अधिसूचना काढून ठरवतं. हरकती-सूचना मागवतात, पण रहिवाशांचं मतदान होत नाही. म्हणजे पिट्सबर्गपेक्षाही एक पायरी पुढे: मतं मोजायचा प्रश्नच नाही. जनगणनेचा हिशेब आणखी वेगळा. पाच हजार लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात असले, की ग्रामपंचायत असूनही ते ‘जनगणना नगर’ मोजलं जातं. शहर म्हणून मोजलेलं, पण कारभार सरपंचाकडे.

त्यामुळे आपल्याकडची मागणी बहुतेक वेळा उलटी असते. हिंजवडीतल्या सोसायट्यांमधून ‘आम्हाला पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्या’ अशी मागणी वेळोवेळी पुढे येते, कारण ग्रामपंचायतीला तिथली वाहतूक, कचरा आणि पाणी झेपत नाही. युनिव्हर्सिटी पार्क १९२४ मध्ये जिथे उभं होतं, साधारण तिथेच. आपल्याकडे श्रीमंत वस्तीला वेगळी नगरपालिका मिळत नाही, म्हणून ती वेगळी होते ती गेट, सुरक्षारक्षक, टँकर आणि मेंटेनन्सच्या पावतीने. मालमत्ता कर मात्र सगळ्यांसोबत एकाच महापालिकेत भरावा लागतो. मुलं तशीही महापालिकेच्या शाळेत जात नाहीत, त्यामुळे शाळेवरून एजवूडसारखा खटला आपल्याकडे उभा राहिलेला नाही.